अर्ज विचाराधीन आहे : शस्त्रपरवान्याच्या प्रतीक्षेचा इतिहास

बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या माणसाला आज केंद्रीय गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर नमुना भरावा लागतो. नमुना भरला की त्याला एक क्रमांक मिळतो. भरलेल्या नमुन्याची छापील प्रत कागदपत्रांसह परवाना अधिकाऱ्याकडे पोचवायची, आणि मग अधूनमधून तो क्रमांक संगणकावर टंकून आपल्या अर्जाचे काय झाले ते पाहायचे. उत्तरादाखल पडद्यावर एखादी ओळ उमटते. अर्ज दाखल झाला आहे. पोलीस अहवाल मागविण्यात आला आहे. प्रकरण विचाराधीन आहे. आमच्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते ते या ओळींच्या व्याकरणाकडे. अहवाल मागविण्यात आला आहे, पण कोणी मागविला? प्रकरण विचाराधीन आहे, पण विचार कोण करीत आहे? मराठी कारभारी गद्याने ‘-ण्यात आले आहे’ ही जी रचना घडविली, तिच्यातून कर्ता सफाईने काढून घेतलेला असतो. क्रिया होते आणि करणारा दिसत नाही.

हा अदृश्य कर्ता कोठून आला, हा या लेखाचा विषय आहे. बंदूक चांगली की वाईट, ती नागरिकाजवळ असावी की नसावी, या वादात आम्हांला येथे पडायचे नाही. परवान्याचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळताना आमची अशी समजूत झाली आहे की, त्यातला झगडा शस्त्राचा जितका होता त्याहून अधिक उत्तराचा होता. मागणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे, कारणासह आणि लेखी उत्तर देणे सत्तेवर बंधनकारक आहे काय, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आधी शब्द पाहू. ‘परवाना’ आणि ‘परवानगी’ हे दोन्ही फारसीतून आलेले. उर्दू गझलेच्या वाचकाला परवाना म्हटले की ज्योतीवर झेपावणारा पतंग आठवतो. मराठी माणसाला मात्र सही-शिक्क्याचा कागद आठवतो. मोल्सवर्थच्या कोशात परवान्याचा अर्थ हुकूम, सोडचिठ्ठी, लेखी मुभा असा दिला आहे. म्हणजे वरून खाली येणारा कागद. ‘अर्ज’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्याचा अर्थ पुढे ठेवणे, सादर करणे. हा खालून वर जाणारा कागद. या दोन कागदांच्या मधला जो काळ, त्याला जुन्या भाषेत वेगळे नाव नव्हते, कारण वाट पाहणे हा रयतेचा स्वभावच समजला जाई. मोल्सवर्थच्या कोशाची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत निघाली. त्याच वर्षी कंपनी सरकारने शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध घालणारा १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा केला. योगायोगच, पण लक्षात राहण्याजोगा.

तोवर आपल्याकडे हत्यार ही घरातली वस्तू होती. पाटलाच्या भिंतीवर ढाल-तलवार असे, रामोशी आणि बेरड यांच्या हाती असे, वाटसरूच्या कमरेला असे. उत्तर हिंदुस्थानातील शेतकरी शेतीबरोबर शिपाईगिरीही कशी करी, याचे सविस्तर वर्णन डर्क कोल्फ यांनी ‘नौकर, राजपूत अँड सिपॉय’ या ग्रंथात केले आहे. दख्खनचे चित्र तपशिलात वेगळे असले तरी शेतकरी आणि शिपाई यांच्यातली सीमारेषा येथेही पुसटच होती. अशा समाजाला एके दिवशी सांगण्यात आले (पुन्हा ती कर्ताहीन रचना) की, घरातले हत्यार दाखवा, नोंदवा, नाहीतर जमा करा.

या हुकमाला दक्षिण महाराष्ट्राच्या टापूत, मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडर लोकांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये नकार दिला. बेडर हे शिकारी आणि लढवय्ये. हत्यार ही त्यांच्या पोटाची सोय होती आणि ओळखही. कंपनीच्या फौजेने गाव वेढून जाळले, अनेकांना फाशी दिले. पुढच्याच वर्षी नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांचे बंड झाले. त्यांचा दत्तकाचा अर्ज आधीच नामंजूर झाला होता, त्यात शस्त्रे जमा करण्याची सक्ती आली. पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जून १८५८ मध्ये बेळगावला बाबासाहेबांना फाशी झाली. या दोन्ही घटनांचे सरकारी कागद आहेत, पण हलगलीच्या लोकांची बाजू त्या कागदांत शोधू नये. ती कानडी लावण्यांत सापडते. या लावण्या जे. एफ. फ्लीट या सरकारी अधिकाऱ्याने जमविल्या आणि १८८० च्या दशकात ‘इंडियन अँटिक्वरी’त छापल्या. ताम्रपट वाचणारा हा माणूस बंडाची गाणीही उतरवून घेत होता, हे आम्हांला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. ज्यांना अर्ज लिहिता येत नव्हता त्यांचे म्हणणे गाण्यातून तरी उरले.

१८६० मध्ये आणखी एक कायदा झाला; त्याकडे थांबण्याचे कारण नाही. खरे वळण १८७८ चे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत त्या वर्षी दोन कायदे पाठोपाठ आले : देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा नववा आणि शस्त्रांना वेसण घालणारा अकरावा. नाट्यप्रयोगांवरचा कायदा दोनच वर्षांपूर्वी, १८७६ साली झालेला होता. नाटक, वर्तमानपत्र आणि बंदूक या तिन्हींकडे सरकार एकाच संशयाने पाहत होते, हे आपल्या वाङ्मयेतिहासांत नोंदविले जाते. परंतु त्यापुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने १८८२ मध्ये रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र राज्य बदलल्यानंतरही चालू राहिला आणि १९६२ पर्यंत टिकला. लेखणीवरचा अविश्वास चार वर्षांत मागे घेता आला. हातावरचा अविश्वास घ्यायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

या कायद्याचा काटा कोठे होता? परवाना लागतो, यात नव्हता. परवाना कोणाला लागत नाही, यात होता. कायद्याने सरकारला सूट देण्याचा अधिकार ठेवला होता आणि नियमांनी ती सूट युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना सरसकट दिली. संस्थानिकांना, काही पदवीधारक बड्या मंडळींना ती मिळाली. बाकीच्या सर्वांनी अर्ज करायचा होता. म्हणजे काहींचा विश्वासूपणा जन्माने सिद्ध होता आणि काहींना तो कागदावर सिद्ध करून दाखवावा लागे. कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट. तोच अर्ज वाचणार, तोच ठरविणार. नकार दिला तर कारण सांगण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती.

येथे अर्ज या वाङ्मयप्रकाराविषयी थोडे बोलले पाहिजे. आपण पत्रवाङ्मय अभ्यासतो, बखरी अभ्यासतो, पण विनंतीअर्ज हा एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याचा बहुधा सर्वांत अधिक लिहिला गेलेला आणि सर्वांत कमी वाचला गेलेला प्रकार आहे. ‘मेहेरबान कलेक्टरसाहेब’ यांच्या हुजुरास सुरू होणारा, ‘विनंती ऐसीजे’ म्हणत विषयावर येणारा हा मजकूर म्हणजे एक छोटे आत्मचरित्रच असते. शस्त्रपरवान्याच्या अर्जात तर माणसाला स्वतःचे दोन परस्परविरोधी चित्र एकाच कागदावर काढावे लागते. एकीकडे आपण किती असुरक्षित आहोत हे सांगायचे : रान जवळ आहे, डुकरे पीक खातात, दरोड्याची धास्ती आहे. दुसरीकडे आपण किती निरुपद्रवी, किती राजनिष्ठ, किती वजनदार आहोत हेही सांगायचे. भिणारा आणि तरीही भरवशाचा, असा हा निवेदक आहे. अर्जनवीस बाजाराच्या दिवशी कचेरीबाहेर बसून हे चित्र ठराविक शब्दांत रंगवून देत. वाङ्मयीन आत्मनिवेदनाच्या उगमाविषयी आपण जेव्हा बोलतो, तेव्हा या बैठ्या लेखकांची आठवण ठेवायला हरकत नसावी.

या कागदी नम्रतेत दडलेला अपमान काँग्रेसच्या पहिल्या पिढीने नेमका ओळखला. मद्रासच्या १८८७ च्या अधिवेशनात शस्त्रकायद्याविषयी ठराव झाला. तरुण बिपिनचंद्र पाल त्यावर बोलले. ठरावात गैरसोयीची तक्रार होतीच, पण तिच्याबरोबर असेही म्हटले होते की, या कायद्याने देशाच्या लोकांवर अकारण कलंक लावला आहे. आम्हांला हा ठराव महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. त्या सुशिक्षित वकील-संपादकांपैकी किती जणांना प्रत्यक्षात बंदूक हवी होती? फारच थोड्यांना असावी. त्यांना सलत होते ते सिद्ध करीत बसावे लागणे.

कायद्याने हेतू साधला काय, याचे उत्तर नाशिकला मिळाले. लंडनहून सावरकरांनी चोरवाटेने पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक अनंत कान्हेरे यांच्या हाती पोचले. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’ नाटकाला आलेले कलेक्टर जॅक्सन त्या पिस्तुलाने मारले गेले. मराठी नाटकाच्या इतिहासात ही रात्र वेगळ्या कारणाने नोंदली आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात एक कडवट विसंगती आहे. जिल्ह्यात कोणी बंदूक बाळगावी हे ठरविण्याचा अधिकार ज्या पदाकडे, त्याच पदावरचा माणूस बिनपरवान्याच्या शस्त्राने मेला. पीक राखणाऱ्या कुणब्याची ठासणीची बंदूक कायद्याने अडवली होती; ब्राउनिंग त्याला अडवता आले नाही.

गांधींचे या प्रकरणातले स्थान अनेकांना चक्रावून टाकते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना काढलेल्या पत्रकात त्यांनी, एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राज्याचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, अशा आशयाचे विधान केले होते. आजही बंदुकीचे समर्थक ते संदर्भ तोडून वापरतात. याहून बोलके आहे ते जानेवारी १९३० मधले अकरा मागण्यांचे निवेदन. मिठावरचा कर रद्द करा, दारूबंदी करा, शेतसारा निम्मा करा, अशा मागण्यांच्या पंक्तीत त्यांनी स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याची मागणी ठेवली, आणि तिला अट जोडली की, हे परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली दिले जावेत. आमच्या मते सगळा अर्थ त्या अटीत आहे. वांशिक सूट १९२० च्या नियमांनी औपचारिकरीत्या काढून टाकली होती, म्हणजे कागदावर सगळे सारखे अर्जदार झाले होते. गांधी त्यापुढचा प्रश्न विचारीत होते : अर्ज वाचणारा कोणाला जबाबदार आहे?

१९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. स्वराज्य आल्यावर घटना लिहिली जाऊ लागली तेव्हा तो यादीतून गळाला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या वचनाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. देशाच्या तत्कालीन परिस्थितीत असा हक्क सर्वांना देणे त्यांना धोक्याचे वाटत होते. दुरुस्ती फेटाळली गेली. फाळणीच्या रक्तपाताला जेमतेम वर्ष उलटले होते आणि गांधींचा खून होऊन अकरा महिनेही झाले नव्हते, हे लक्षात घेता तो निर्णय समजण्यासारखा आहे. आम्ही तो चुकीचा मानीत नाही. पण त्याचा एक परिणाम झाला. शस्त्र ही हक्काने मागण्याची वस्तू राहिली नाही. ती पुन्हा अर्जाची वस्तू झाली, आणि अर्जदाराच्या हाती जे काही संरक्षण उरले ते साध्या कायद्याने द्यायचे ते.

ते १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने दिले. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. जुना कायदा सबंध राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, अशी कबुली देतच हा नवा कायदा आला. त्याचे चौदावे कलम आम्हांला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून कोणालाही परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. या एका वाक्याने जुन्या अर्जातली निम्मी आत्मस्तुती अनावश्यक केली. याच कलमाने असेही ठरविले की, नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतील आणि अर्जदाराने मागितल्यास ती, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, त्याला द्यावी लागतील. अठराव्या कलमाने अपिलाची वाट ठेवली. तेरावे कलम शेतकऱ्याच्या बाजूने झुकते : खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षण वा शिकारीच्या खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अपात्रतेचे कारण नसल्यास, परवाना द्यावयाचा आहे. इतर शस्त्रांसाठी अर्जदाराने सबळ कारण दाखवायचे असते. हलगलीच्या बेडरांना शंभर वर्षांपूर्वी हे उत्तर मिळाले असते तर, असा विचार मनात येऊन जातो.

सगळेच एका रांगेत आले असे मात्र नाही. कोडगूच्या कोडवांना आणि तेथील जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून, १८६१ पासून, परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती अलीकडे २०२९ पर्यंत वाढविली, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. कोडवांच्या घरी बंदुकीची पूजा होते, हे खरे. हलगलीकडेही अशाच परंपरा असतील. फरक इतकाच की, एका जमातीवर साहेबाचा विश्वास बसला आणि दुसरीवर बसला नाही.

आता पुन्हा संगणकाच्या पडद्याकडे येऊ. २०१२ मध्ये देशातल्या सर्व शस्त्रपरवान्यांचा एकत्रित माहितीकोश करण्याचे ठरले आणि प्रत्येक परवानाधारकाला एकमेव ओळख क्रमांक देण्यास सुरुवात झाली. त्यापूर्वी परवाना म्हणजे त्या त्या कचेरीतली वही. एका जिल्ह्याला दुसऱ्या जिल्ह्याची खबर नसे. जुने परवाने या कोशात नोंदविण्याची मुदत वारंवार वाढवावी लागली, यावरून त्या वह्यांची अवस्था काय असेल याची कल्पना यावी. २०१६ च्या नव्या नियमांनी नमुने बदलले, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि घरात ते सुरक्षित ठेवण्याची हमी मागितली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. यातले बरेच काही शहाणपणाचे आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी परवाना देतात. कागद आता कोणत्या मेजावर आहे हे पूर्वी शिपायाला चहा पाजून कळे, ते आता घरबसल्या कळते. हा फायदा लहान नव्हे.

तरी अर्ज या प्रकाराचे काय झाले? जुन्या अर्जनवीसाची पाल्हाळिक भाषा गेली. तिच्या जागी चौकटी आल्या. शस्त्र का हवे, याचे उत्तर दिलेल्या पर्यायांतून निवडायचे. पूर्वी कधी अर्ज नाकारला गेला होता का? हो किंवा नाही. तळकोकणातला एखादा शेतकरी, वडिलांच्या मागे त्यांची ठासणीची बंदूक आपल्या नावावर करून घ्यायला सेतू केंद्रात जातो. नियमांत वारसाची तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल तर हयातीतही ते वारसाकडे देता येते. केंद्रातला मुलगा त्याच्या वतीने चौकटी भरतो. त्या चौकटींत गव्यांनी तुडवलेली भातखाचरे मावत नाहीत, तशीच जुन्या अर्जातली लाचारीही मावत नाही. आम्हांला यातले पहिले हरपल्याचे वाईट वाटते आणि दुसरे गेल्याचे समाधान आहे. दोन्ही एकदमच गेले.

मग सुरू होते ती क्रमांक टंकून पाहण्याची क्रिया. पोलीस ठाण्याचा अहवाल आल्याशिवाय फाइल सहसा हलत नाही. हे कायदे करणाऱ्यांनाही ठाऊक होते. तेराव्या कलमात असे परंतुक आहे की, ठरलेल्या मुदतीत पोलीस अहवाल आला नाही तर परवाना अधिकाऱ्याला, त्याला योग्य वाटल्यास, त्या अहवालासाठी आणखी न थांबता आदेश देता येईल. अहवाल वेळेवर न येणे कायद्याने गृहीतच धरले आहे, असे परंतुक क्वचितच वाचायला मिळते. पण ‘योग्य वाटल्यास’ हे शब्द पाहा. १८७८ चा कलेक्टर त्या दोन शब्दांत अजून बसलेला आहे.

अपील करायचे तर आदेश लागतो. नकार आला तर त्याची कारणे मागता येतात, तारखेपासून मुदत मोजता येते, वरिष्ठाकडे जाता येते. ‘विचाराधीन’ हा आदेश नव्हे. त्याला तारीख नाही, कारण नाही आणि सही नाही, म्हणून त्याविरुद्ध अपीलही नाही. माहितीच्या अधिकाराखाली २००५ नंतर फाइलीवरची टिपणे मागता येऊ लागली आणि काही जणांनी ती मागितलीही. त्यापलीकडची वाट उच्च न्यायालयाची. तेथे अर्जदार बहुतेक वेळा परवाना मिळावा असा आदेश मिळवत नाही. अमुक आठवड्यांच्या आत अर्जावर निर्णय घ्या, एवढेच न्यायालय अधिकाऱ्याला सांगते. निर्णय कोणता घ्यावा हे त्याच्यावर सोडते. या आदेशाची प्रत घेऊन अर्जदार कचेरीत येतो, बारनिशीत ती नोंदवून घेतो, आणि त्याला पुन्हा एक क्रमांक मिळतो.